पावशेरचे डोळे

सातव्या महिन्यातच जन्मली तेव्हा ती जेमतेम नऊशे ग्रॅमची होती. मावशीने तिला ‘पावशेर’ म्हणायला सुरुवात केली, आणि काचेच्या पेटीत सहा आठवडे काढून ती घरी आली तरी तेच नाव चिकटलं. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. अडकलेल्या माणसांना धीर देण्यात त्याचा हातखंडा, पण लेकीला उचलायची वेळ आली की तो बायकोला हाक मारायचा.

घरी सोडताना नर्सने कार्डावर तारीख लिहून बजावलं होतं, “डोळे पुन्हा तपासायचेत. चुकवू नका.”

तपासणीच्या दिवशी पावशेर गाढ झोपली होती.

“खिडकीकडे टकामका बघते की,” तो बायकोला म्हणाला. “आता कुठे अंग धरतेय. उगाच कशाला हाल? पुढच्या आठवड्यात नेऊ.”

पाचव्या दिवशी नर्सचा फोन आला. तो शिडीवर होता. दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा वैतागून उचलला.

“दादा, बाहेरून काही कळत नाही हो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. आजच या.”

तो हातातलं काम जोडीदारावर सोपवून निघाला.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, पापण्या चिमट्याने उघड्या धरल्या. पावशेर किंचाळली. बायकोने तोंड फिरवलं. त्याला फिरवता येईना, डोकं त्यानेच धरलं होतं.

“लेसर आजच करायला हवं,” बाई म्हणाल्या. “उजवा वाचेल असं वाटतं. डाव्यातला पडदा सुटायला लागलाय. त्याची शस्त्रक्रियाही करू, पण हमी नाही.”

“ठरल्या दिवशी आलो असतो तर?”

“फरक पडला असता कदाचित. खात्रीने नाही सांगता येत.”

त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. बाहेर बाकावर तो पुटपुटला, “मीच म्हणालो होतो, पुढच्या आठवड्यात.”

“मीही हो म्हटलं होतं,” बायको म्हणाली आणि त्याच्याजवळ सरकली.

उजवा डोळा वाचला. डाव्याला फक्त उजेड-अंधार कळतो. आता पावशेर अडीच वर्षांची आहे. जाड चष्मा नाकावरून घसरतो, डावीकडच्या दारांना ती धडकते आणि दारालाच रागावते. रस्त्याने चालताना बाप कायम तिच्या डाव्या बाजूला असतो. तिला ते मुळीच आवडत नाही. त्याला ढकलून ती पुढे पळते.