वार अंकिताचा

मी विजेची डीपी बोलतेय. हो, तीच. जिच्यावर कवटी काढून खाली ‘धोका’ लिहिलेलं असतं आणि जिच्या खांबाला माणसं खुशाल शेळ्या बांधतात.

कराडजवळच्या थोरल्या मळ्यात मला बसवलं तेव्हा चहूकडे नुसता ऊस होता. मळ्यातल्या बनुबाईंनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. कौतुक चार दिवस टिकलं. मग सुरू झालं तारांवर चोरून आकडे टाकणं आणि फ्यूज गेला की मलाच शिव्या देणं.

मळ्यात विहीर सामाईक, म्हणून पाण्याचे वार ठरलेले. मंगळवार शेजारच्या ज्ञानूचा असेल, तर त्या दिवशी दुसऱ्यानं मोटारीच्या बटणाला हात लावायचा नाही. भांडणं बांधावरून झाली, पण वार कुणी मोडला नाही.

बनुबाईंची सून अंकिता मूळची जतची. पुण्यातली नोकरी सोडून आली आणि गोठ्याच्या माडीवर तिनं कॉम्प्युटर मांडले. गावातल्याच मुली कामाला घेतल्या. लोक हसले. खरं सांगते, मीही हसले होते.

त्या चैत्रातल्या मंगळवारी परदेशातलं तिचं पहिलं काम संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. नाही गेलं तर काम हातचं जाणार आणि माडीला कुलूप लागणार. इकडे ज्ञानूची मोटार सुरू झाली आणि माझं व्होल्टेज पडलं. माझ्यात दोघांपुरतं बळ नव्हतं. माडीवरच्या कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले.

बनुबाई ज्ञानूच्या बांधावर गेल्या.

“ज्ञानू, आजचा वार अंकिताला दे.”

“आवं काकी, कॉम्प्युटरला कसला वार? माझी लावण वाळतीया.”

“तुझ्या उसाला पाणी लागतं, तिच्या कामाला वीज. माझा शुक्रवार तू घे.”

ज्ञानूनं हातातलं खोरं सरीत रोवलं. मग त्यानं मोटार बंद केली.

काम वेळेत गेलं. बनुबाईंचा ऊस त्या आठवड्यात पाण्यावाचून पिवळा पडला.

पुढं एकीचं बघून दुसरी कंपनी आली, तिसरी आली. काचेच्या इमारती, मुलींची वसतिगृहं, मिसळीची हॉटेलं झाली. पुण्याला गेलेली पोरं सामानासकट परतली. आता पाटीवर ‘थोरला मळा उपनगर’ लिहिलंय. ती पाटी वाचून माझा ऊर भरून येतो. इतरांना नव्या डीप्या मिळाल्या, अंकिताची कचेरी मात्र माझ्याच तारांवर राहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात कचेरीच्या भारानं माझं व्होल्टेज पडलं आणि ज्ञानूची मोटार नुसती घुमायला लागली, पाणी उचलेना. म्हातारा ज्ञानू मोटारीपाशी उकिडवा बसला. अंकितानं माडीवरून ते पाहिलं आणि खाली येऊन कचेरीचा मेन स्विच पाडला. आत परदेशी पाहुणे बसले होते.

“मॅडम, मीटिंग चालू हाय,” एक मुलगी म्हणाली.

“आज मंगळवार. वार ज्ञानूकाकांचा हाय.”

पाटाला पाणी आलं. पाहुणे बूट काढून पाटात पाय सोडून बसले. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

उद्या मला उतरवणार आहेत. नवी माझ्याहून दांडगी आहे म्हणे, सगळ्यांना एकदम पुरेल. पुरू दे. तिलाही नारळ फोडा, आणि कानात एवढं सांगा, की हे शहर एका मंगळवारी बंद केलेल्या मोटारीवर उभं राहिलंय.