सहासष्ट दिवसांच्या सम्राटाचं नाणं

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणायचे. चहा देणारी मावशी नव्हे. धातूंच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली, निम्म्या विभागाला यंत्र चालवायला शिकवलेली बाई. वय बावन्न. विभागप्रमुख सर तिचे वर्गमित्र. सर प्राध्यापक झाले, ही मात्र सोळा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. कायमची जागा निघाली की सर समजूत घालायचे, "तुमच्या घरी कमावणारा आहे हो. त्या बिचाऱ्याच्या जिवावर अख्खं घर आहे." दर वेळी नवा बिचारा.

मी तिची शेवटची विद्यार्थिनी.

त्या वर्षी एका कारखानदाराने आपला रोमन नाण्यांचा संग्रह विभागाला दिला. एकेका सम्राटाचं एकेक नाणं. वर नवी इमारत बांधून द्यायचंही कबूल केलं. अट एवढीच, की विभागाने नाणी तपासावीत आणि सह्यांनिशी सूची छापावी. काम मावशीकडे आलं, हाताखाली मी.

क्ष-किरणांच्या यंत्रात नाणं ठेवलं, की त्यातल्या धातूंचे आकडे यायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्यात मावशी त्या सम्राटाची कुंडली मांडायची.

"हा पर्टिनॅक्स. शिपायांना शिस्त लावायला गेला, त्यांनीच कापला. सत्त्याऐंशी दिवस टिकला. मग त्याच शिपायांनी गादीचा लिलाव पुकारला आणि हा पुढचा, जुलियानस, चढी बोली लावून बसला. सहासष्ट दिवसांत याचाही निकाल." चष्मा पुसत ती म्हणाली, "माझे अकरा महिने असतात. मी बरी की गं!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग जुलियानसचे आकडे आले आणि तिचं हसू थांबलं.

"तांबं साडेसात टक्के, बाकी चांदी. शिसं नाही, सोनं नाही. जुन्या चांदीत या दोन्हींचा अंश राहतोच, त्या लोकांना तो काढताच यायचा नाही. ही आजकालच्या सोनाराच्या दुकानातली चांदी आहे."

तिने आणखी चार वेळा तपासलं. आकडा हलला नाही. आणि कारखानदाराचा सगळ्यात लाडका सम्राट नेमका हाच होता. इतकं दुर्मीळ नाणं आपल्याकडे आहे, हे तो भेटेल त्याला सांगत सुटायचा.

सरांनी तिला बोलावून घेतलं. दार उघडंच होतं.

"एका नाण्यासाठी इमारत घालवू नका," सर म्हणाले.

"मग ते नाणं सूचीतून काढा."

"ते काढलं तर त्यांना काय तोंड दाखवू?"

"ते तुम्ही बघा. खोट्यावर मी सही करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. महिन्याभराने माझी मुलाखत होती, कायमच्या जागेसाठी. घरी दीड वर्षाची मुलगी, नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटलेली, आणि सासूबाई रोज विचारायच्या, "तुझं ते कायमचं कधी गं होणार?" सर मुलाखतीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. फक्त कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'नाणे अस्सल'. मी सही केली.

मावशीचं कंत्राट त्या वर्षी पुढे चाललं नाही. तिने खणातला डबा, चष्म्याचं घर आणि स्वतःच्या वह्या पिशवीत भरल्या. जाताना मला म्हणाली, "यंत्राचा पंखा आवाज करतोय, बघून घे." बाकी काही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला जागा मिळाली. इमारत उभी राहिली.

नऊ वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाने तेच नाणं तपासून ते खोटं असल्याचं छापून आणलं. सर तोवर कुलगुरू झाले होते. "मी तज्ज्ञांच्या सहीवर विश्वास ठेवला," असं सांगून ते मोकळे झाले. चौकशी लागली माझ्यामागे.

मी मावशीला शोधत गेले. बाजारात दागिन्यांची शुद्धता तपासणारं एक केंद्र होतं, तिथे ती काचेमागे बसली होती. समोर तसलंच यंत्र, जरा लहान. केस पांढरेशुभ्र. मला तिने लगेच ओळखलं.

"मावशी, सरांनी दबाव आणला होता एवढं लिहून द्या. नाहीतर माझं सगळं संपेल."

तिने खरंच कागद पुढे ओढला. "लिहिते ना. त्याने माझ्याकडे खोट्यावर सही मागितली, मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुझी सही कागदावर होती. मला एवढंच ठाऊक आहे. असंच लिहू?"

मी मागे वळून रांगेकडे पाहिलं.

"सांग लवकर. मागे माणसं थांबलीत."

मी मान हलवून नको म्हटलं. तिने कागद बाजूला ठेवला आणि मागच्या बाईची बांगडी हातात घेतली.

चौकशीचा अहवाल आला. 'कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे संबंधित महिला शास्त्रज्ञ कामाकडे पुरेसे लक्ष देऊ शकल्या नसाव्यात.' माझी बढती थांबली, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. नोकरी मात्र राहिली, कायमची आहे ना.

आता मी पहिल्या वर्षाला शिकवते. वर्गात मुलीच जास्त असतात. परवा त्यांतली एक तास संपल्यावर थांबली आणि विचारू लागली, "मॅडम, मला संशोधनातच जायचंय. काय करावं लागेल?"

मी तिला अर्जाची शेवटची तारीख सांगितली.