काशाची वाटी

धनकवडीतल्या थेरपी सेंटरच्या दारावर पाटी होती: 'आत शांतता आहे. आपली गडबड चपलांसोबत बाहेर ठेवावी.'

नम्रता फस्सकन हसली. "आई, हे मला शांत करणार? यांची पाटीच भांडतीये."

"हळू बोल गं," कल्याणी म्हणाली. लेकीशी ती हल्ली दबकूनच बोलायची.

नम्रता सतरा वर्षांची. दहावीत सरांशी वाजलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता घरी बसून नुसती धुमसायची. झोप नाही, पोटात सारखा पीळ. डॉक्टरांच्या गोळ्यांनी काही फरक पडेना, तेव्हा शेजारणीनं हे सुचवलं. मनाची आणि शरीराची फारकत झालीये म्हणे, ती इथं जुळवून देतात.

आत चटयांवर जोड्या बसलेल्या. सेंटर चालवणाऱ्या अफशीन मॅडमनी प्रत्येक जोडीला काशाची वाटी आणि तूप दिलं.

"आज तळवे चोळायचे. ज्याला त्रास आहे त्यानंच समोरच्याचे. दुसऱ्याच्या अंगावर हात फिरला ना, की आपलं अंग आपल्याला सापडतं."

शेजारच्या चटईवर सासू-सून होत्या. सुनेचे तळवे चोळत सासू म्हणाली, "तूप बघ कसं काळं होईल. सगळी उष्णता तुझ्यामुळेच वाढलीये."

"होऊ दे ना, आई. तेवढीच घरातली कमी होईल."

नम्रताला पुन्हा हसू फुटलं. तिनं आईचा पाय ओढायला हात पुढे केला, तर कल्याणीनं दोन्ही पाय साडीत घेतले. "मला नको गं. तुझेच चोळते मी."

"मॅडम काय बोलल्या ऐकलं नाहीस का?" नम्रताचा आवाज चढला आणि तिनं झटक्यात वाटी उचलली.

कल्याणीचे दोन्ही हात तोंडावर गेले. मान खाली, कोपरं वर. अख्खी बाई आक्रसून एवढीशी झाली.

सासूचा हात थांबला. सून दुसरीकडे बघायला लागली.

"माशी होती," कल्याणी हात खाली घेत म्हणाली. "तोंडावरच आली मेली."

परवा आईनं दुधीची भाजी केली म्हणून नम्रतानं स्टीलचा डबा भिरकावला होता. तो आईच्या पायावर बसला. माझ्याच हातून निसटला, असं आईनं सगळ्यांना सांगितलं. दोन दिवसांत नम्रतालाही तेच खरं वाटायला लागलं होतं. निसटलाच असेल.

दार समोरच होतं. एरवी ती केव्हाच उठून, दार आपटून गेली असती. मग आई सगळ्यांची माफी मागत मागून आली असती.

ती उठली नाही. वाटी हळूच जमिनीवर ठेवली.

"माशी नव्हती," ती म्हणाली. "मी डबा मारला होता हिला. म्हणून."

"गप बस गं, लोक ऐकतायत!"

"ऐकू दे."

नम्रताला वाटलं, कोणीतरी शिव्या तरी घालाव्यात. तिनं नुसत्या बोटांवर तूप घेतलं आणि हात तसाच धरून ठेवला, आईपासून लांब.

"लावू?"

कल्याणी कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग साडीतून एक पाय थोडा पुढे आला. धड असलेला.

"याला लाव," ती म्हणाली. "तो राहू दे अजून."