पालथे पडल्यावर दिसलेले पाय

मित्रांनो, मी एक जुने मालिशीचे टेबल आहे. फुटबॉल संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत, दाराच्या डाव्या हाताला माझी जागा होती. सुताराने मला सागवानी फळ्यांचे केले, वर कापूस भरून काळे रेक्झिन ठोकले आणि डोक्याच्या बाजूला बशीएवढे गोल भोक ठेवले. पालथ्या खेळाडूने त्यात तोंड घालायचे, म्हणजे मान अवघडत नाही. त्या भोकातून दिसते फक्त जमीन, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय.

मालिशवाल्या काकांच्या तेलाने माझ्या कडा तुकतुकीत झाल्या. संघ जिंकला की पोरे माझ्यावर चढून नाचत, हरला की माझ्याकडे बघतही नसत. अशाच एका नाचात माझा एक पाय मोडला. तेव्हापासून त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे.

एका वर्षी संघात नवा फॉरवर्ड आला. गोल करायचा खोऱ्याने. पण चेंडू पायातून गेला की कमरेवर हात ठेवून उभा. मागे धावायचे नाव नाही. पोरे त्याला 'सरकार' म्हणू लागली. त्याच्या वाटचे धावणे कर्णधाराच्या अंगावर पडे. कर्णधार वयाने सगळ्यांत मोठा, बचावफळीतला. त्याला सगळे दादा म्हणत.

हंगामाचा शेवटचा सामना रविवारी होता. हरलो असतो तर संघ खालच्या गटात गेला असता. आणि नेमके मंगळवारी सराव संपल्यावर दादाने बूट भिंतीवर आपटला.

"सर, रविवारी तो तरी खेळेल, नाहीतर मी तरी."

"वय झालं की चिडचिड व्हायचीच," सरकार म्हणाला.

"तुझ्या वाटचं धावून धावूनच झालंय ते वय."

कोणी हसले नाही. प्रशिक्षक सर एवढेच म्हणाले, "उद्या दोघंही तासभर आधी या."

सगळे गेल्यावर सरांचा मदतनीस म्हणाला, "त्या सरकारला चारचौघांत खडसवा, सर."

"चारचौघांत खडसावलं की तो चारचौघांतच उत्तर देणार. मग त्याला मागं यायला वाट कुठली?"

दुसऱ्या दिवशी सरकार माझ्यावर पालथा पडला. काका पाठ चोळू लागले. सरांनी माझ्या डोक्याशी स्टूल ठेवले आणि दादाला म्हणाले, "बस. पाय टेबलाखाली लांब कर. आज तुझ्या पायांच्या पट्ट्या मी सोडतो." आणि कोमट पाण्याचे घमेले घेऊन स्वतः जमिनीवर बसले.

पट्टी वेढ्यावेढ्याने सुटत गेली. दोन नखे काळी, एक नाहीच. टाच सोलपटलेली. घोटा इतका सुजलेला, की हाड कुठे आहे ते कळेना. सर कापूस भिजवून टाच पुसत राहिले.

भोकातून सरकारचा आवाज आला, "हे कधीपासून?"

"तुला काय करायचंय?"

"सांग ना."

"डावी बाजू मोकळी सुटायला लागल्यापासून." डावी बाजू सरकारची होती.

"मला वाटायचं, तुला धावायची हौसच आहे."

"हौस! घरी जिना बसून उतरतो मी. मोजे बायको घालून देते."

"सांगायचंस की रे."

"तुझी मान खाली असते कधी?"

"आज आहे, दादा," सरकार म्हणाला.

सरांनी दुसऱ्या पायाची पट्टी सोडायला घेतली.

रविवारी दोघेही खेळले. मला मैदान दिसत नाही. परत काय येते ते कळते. सामना बरोबरीत सुटला, तेवढ्यावर संघ वाचला. सरकारने एकही गोल केला नव्हता. त्याला उचलून माझ्यावर टाकले तेव्हा दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. दादा लंगडत आला आणि त्याचे पाऊल धरून ताणू लागला.

"काय सरकार, पोटऱ्या तर नव्याकोऱ्या होत्या तुझ्या."

"वापरल्याच नव्हत्या ना," सरकार कण्हत म्हणाला. मग मात्र सगळी खोली हसली.

पुढे घडीचे नवे टेबल आले आणि मी अडगळीत गेले. उंदरांनी कापूस नेला. गेल्या आठवड्यात मात्र दादा आला. आता तो पोरांचा संघ सांभाळतो; त्यातले दोघे म्हणे एकमेकांशी बोलत नाहीत. त्याने माझी धूळ पुसली, भोकात हात घालून पाहिला आणि म्हणाला, "हे शाबूत आहे, मग चालेल."

मित्रांनो, जमल्यास माझ्या मोडक्या पायाला एक खिळा मारा. पुठ्ठा आता भुसभुशीत झालाय. आणि आपल्याबरोबर धावणाऱ्याच्या पायांकडे अधूनमधून बघत जा. त्यासाठी माझ्यावर पालथे पडायची वाट बघू नका.