सीटखालचं मीठ

सत्यवती, माझी बायको, गणपतीच्या आठ दिवस आधी गेली. त्या वर्षी आमच्या घरी गणपती बसला नाही. तिच्यामागून माझ्या तोंडाची चव गेली, पण ते माझ्या ध्यानात यायलाच महिना लागला. एकदा रुचिकाच्या, म्हणजे सुनेच्या हातून वरणात मीठ घालायचं राहिलं. निकेत, माझा मुलगा, पहिल्याच घासाला थांबला. तोवर माझं ताट अर्धं संपलं होतं. तुम्हाला कळलं नाही का, असं त्याने विचारलं. भूक लागली होती, असं मी सांगितलं. भूकही लागली नव्हती.

आमचं गाव पेणच्या पुढे, खाडीकाठी. बाविसाव्या वर्षापर्यंत मी बापाबरोबर मिठागरात काम केलं. मिठागरं बंद पडत गेली तसा ट्रकवर गेलो आणि पस्तीस वर्षं बंदरातला माल देशभर पोचवला. सत्यवतीला एकदा हरिहरेश्वरला जायचं होतं. घरापासून एका दिवसाचा रस्ता. मी तिला नेलं नाही. भांडण नव्हतं, नकारही दिला नव्हता. पुढच्या खेपेला जाऊ, असं म्हणत राहिलो.

निकेत उरणला कंटेनर यार्डात कारकून आहे. आई गेल्यावर त्याला गाडीचं वेड लागलं. जुनी एसयूव्ही घ्यायची, चारही चाकांना जोर लागणारी. तिच्या छतावर तंबू बसवायचा, मागे झोपायला फळी टाकायची आणि जिथे डांबर संपतं तिथे जाऊन राहायचं. तो मोबाइलवर अशा लोकांचे व्हिडिओ बघायचा आणि मलाही दाखवायचा. बाबा, पहिली फेरी हरिहरेश्वराकडे, तुम्ही पुढच्या सीटवर, असं म्हणायचा. आईचं नाव घेत नव्हता. मी मान हलवायचो.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो मला पनवेलच्या बाजूला घेऊन गेला. हमरस्त्याच्या कडेला मोकळ्या जागेत पंचवीसेक जुन्या गाड्या धुऊन-पुसून उभ्या होत्या. निकेतने निवडलेली गाडी पांढरी होती. विकणाऱ्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा डोक्यावर चढवला आणि सांगितलं की एकाच मालकाची गाडी आहे, डॉक्टरची, घर ते दवाखाना एवढीच चालली.

"मग चारी चाकांना जोर कशाला? डॉक्टर काय चिखल तुडवत दवाखान्यात जायचा?" मी विचारलं.

निकेत हसला. खूप दिवसांनी मी असं काही बोललो म्हणून हसला असेल. ते आपोआप तोंडातून आलं होतं. पस्तीस वर्षांची सवय.

गाडी बघायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं. मी तेल बघितलं, दारं उघडून बघितली, टायर दाबले. खाली वाकलो तर गाडीच्या पोटाला काळा रंग ताजा मारलेला. विकायच्या गाडीला रंग मारतातच, पण एवढा जाड कोणी मारत नाही. मग ड्रायव्हरची सीट मागे सरकवून कार्पेटचा कोपरा उचलला. शिवणीत पांढरी भुकटी होती, पिठासारखी. बोट ओलं करून तिला लावलं आणि बोट जिभेवर टेकवलं.

खारट. आणि थोड्या वेळाने, जिभेच्या मागच्या बाजूला, कडवट.

आमच्या आगरात मीठ धरल्यावर वाफ्यात जे पाणी उरतं, ते कडू असतं. ते कधी काढून टाकायचं हे कळावं म्हणून बाप आम्हा पोरांना चाखायला लावायचा. बाजारच्या मिठाला तो कडूपणा नसतो. घामाला नसतो. समुद्राचं पाणी जागच्या जागी सुकलं तरच असतो. गाडी समुद्रात बुडाली होती. कोणीतरी हौसेने वाळूवर उतरवली असेल आणि भरतीने गाठली असेल.

मी सीटला धरून तसाच वाकून राहिलो. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाला चव लागली होती.

"बाबा, बोला," निकेत मागून म्हणाला. "घेऊ ना?"

मी सरळ झालो. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"घे," मी म्हणालो.

का म्हणालो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. वरणातलं मीठ न कळणाऱ्या जिभेवर भरवसा कसा ठेवायचा, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तोंड उघडलं तर ती चव जाईल, असंही तेव्हा वाटलं होतं. हे मी बरेच दिवस स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. पनवेल ते पेण मी तोंड मिटून बसलो. वडखळच्या आधीच चव गेली.

पुढचे चार महिने गाडी नाक्यावरच्या विनेशच्या गॅरेजमध्ये होती. मी रोज तिथे जाऊन एका मोडक्या सीटवर बसायचो. मागची सीट निघाली, तिथे प्लायवूडचे खण आले, खणांवर फळी, फळीवर गादी. गाडी चार बोटं उंच केली, चिखलाचे टायर चढवले. पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी, अडकलेली गाडी ओढून काढायला पुढे विंच. छतावर घडीचा तंबू आणि त्याला शिडी. विनेश काम करता करता माझी मस्करी करायचा. काका, तुम्ही पोटासाठी जन्मभर गाडीत झोपलात, आता लेक हौसेनं झोपणार, असं म्हणायचा.

एकदा त्याने फ्यूजचा डबा उघडला तर तारांच्या टोकांना हिरवं चढलेलं. मी उठून बघायला गेलो. खारी हवा, काका, आपल्याकडच्या सगळ्या गाड्यांचं असंच, असं म्हणत त्याने ते घासून काढलं. त्याची चूक नाही. आमच्याकडे दाराच्या कड्या गंजतात, पंखे गंजतात. गंज बघून इथे कोणी थांबत नाही.

तेव्हा बोलता आलं असतं. तेव्हाच नाही, पुढेही पुष्कळदा आलं असतं. पण दर आठवड्याला गाडीवर काहीतरी नवीन चढत होतं आणि निकेत संध्याकाळी येऊन त्यावरून हात फिरवत होता. मी बघत होतो. वाईट वाटत होतं, असंही म्हणता येत नाही. पायाला मुंग्या आल्यावर कोणी चिमटा काढला तर कळतं, पण दुखत नाही, तसं होतं.

नात अमिषा सात वर्षांची. तिने प्रत्येक खणावर कागद चिकटवले. भांडी. कपडे. खाऊ. एकावर आजोबा. त्यात माझी सुपारीची डबी आणि चष्मा राहणार होता. मी शिडी चढू शकत नाही, म्हणून ते तिघं वर तंबूत आणि मी खाली फळीवर, असं ठरलं होतं. एके दिवशी तिने मला गादीवर आडवं केलं आणि शिंप्याची टेप लावून मोजलं. आजोबा, पाय मावले, असं ओरडत ती बापाकडे पळाली. मी पडल्या पडल्या वास घेतला. नव्या प्लायवूडचा वास होता, आणि त्याच्याखालून ओल्या गोणपाटाचा.

एप्रिलात आम्ही निघालो. निकेत आणि मी पुढे, रुचिका आणि अमिषा मागे गादीवर. अलिबागवरून समुद्राच्या कडेकडेने. काशीदला एक गाडी वाळूत रुतून बसली होती, चाकं अर्धी आत, आणि ट्रॅक्टरवाला दोर बांधत होता. निकेतने मुद्दाम वेग कमी केला. शहरातली माणसं, भरतीची वेळ बघत नाहीत, असं रुचिकाला म्हणाला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

मुरूडच्या अलीकडे उतारावर त्याने दोनदा ब्रेक दाबला. पेडल जरा खोल जातंय, नव्या टायरमुळे असेल, असं तो म्हणाला. टायरने पेडल खोल जात नाही, हे मला ठाऊक होतं. मी काच खाली केली. तसंच आगरदांडा आलं, गाडी फेरीबोटीत चढली, पलीकडे दिघीला उतरली. तिथे एक बाई कैऱ्यांच्या फोडी विकत होती. अमिषाने तिखट नको, नुसतं मीठ, असं सांगून कागदात बांधून घेतल्या.

श्रीवर्धन सोडल्यावर हरिहरेश्वरच्या अलीकडे निकेतने मोबाइल बघून एक कच्चा रस्ता धरला. तो सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, जाऊन एकदम खाली वळत होता. सरळ उतार, सुटे दगड, एका बाजूला दरी, आणि तळाशी पांढऱ्या वाळूचा एवढासा तुकडा. निकेतने गाडी थांबवली आणि उतार बघायला पायी खाली गेला. रुचिका त्याच्या मागून थोडी उतरली. किल्ली गाडीतच होती. मागून अमिषाने हात पुढे केला आणि मिठात बुडवलेली कैरीची फोड माझ्या तोंडाला लावली. आजोबा, खा.

आंबट. मग खारट.

मी चावायचं थांबवलं आणि वाट बघितली. कडवट काही आलं नाही. साधं बाजारचं मीठ होतं.

म्हणजे जीभ बरोबर होती. त्या दिवशीही बरोबर होती. आता माझ्याकडे कुठलं कारण उरलं नाही.

मी किल्ली काढून खिशात टाकली. खाली उतरून मागचं दार उघडलं, अमिषाला उतरवलं आणि जरा लांब, करवंदीच्या जाळीपाशी उभी केली. मग दोन दगड आणून मागच्या चाकांना लावले. निकेत घामाने भिजून वर आला. आरामात उतरेल, खाली कोणी नाही, सगळा किनारा आपला, असं सांगत होता.

"गाडी खाली न्यायची न्हाय," मी म्हणालो.

"का?"

"ही समुद्रात बुडालेली हाय."

त्याला वाटलं, मी काही वेगळंच बोलतो आहे. मी त्याला मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितला. त्याला गाडीखाली झोपवलं आणि मागच्या चाकाच्या वर, चेसिसच्या आतल्या अंगाला टोचायला सांगितलं. काळा रंग पापडासारखा निघाला. त्याच्याखाली लालसर पापुद्रे होते. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. ब्रेकच्या नळीला हात लाव, असं मी म्हणालो. तो बाहेर आला तेव्हा त्याची बोटं तेलाने ओली होती.

तो जमिनीवरच बसला. बोटं पुसली नाहीत.

"कधी कळलं?"

"घेतली त्या दिवशी. सीटखाली मीठ लागलं."

"आणि तुम्ही घे बोललात."

"व्हय."

त्याने करवंदीच्या जाळीकडे बघितलं.

"अमिषा बसते हिच्यात, बाबा."

डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, ते आलं नाही. रुचिका माझ्या शेजारून गेली आणि पोरीला कडेवर घेतलं. सात वर्षांच्या पोरीला आता कोणी कडेवर घेत नाही.

निकेतने विनेशला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी ओढायची गाडी घेऊन येणार होता. तोवर तिथेच राहणं भाग होतं. मी लावलेले दगड निकेतने पायाने ढकलून बघितले, मग आणखी दोन मोठे आणून स्वतः लावले. छतावरच्या तंबूकडे कोणी गेलं नाही. अमिषाने एकदाच विचारलं की समुद्रावर का जायचं नाही. गाडीला बरं नाही, असं तिच्या आईने सांगितलं. पोरीने ते लगेच मान्य केलं आणि गाडीच्या दारावरून हात फिरवला.

ऊन कलल्यावर रुचिकाने दगडाच्या आडोशाला शेगडी मांडली आणि खिचडी टाकली. मी जवळच बसलो होतो. निकेत आमच्याकडे पाठ करून खणांतलं सामान बाहेर काढत होता. माझी सुपारीची डबी त्याने माझ्याजवळ आणून ठेवली आणि परत गेला.

"चार महिने गप्प बसलात," रुचिका भांड्यात बघत म्हणाली. "मग आज का?"

"कैरीला मीठ लागलं."

तिने ढवळायचं थांबवलं.

"म्हणजे त्या दिवशीचं वरण..."

"कळलं न्हवतं."

"त्याच्या आधीचं?"

"काहीच न्हाय. ती गेल्यापासून."

निकेतचा हात खणात तसाच राहिला. त्याने मागे वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने तो खण त्याने लावून टाकला. त्यावर अमिषाने चिकटवलेला कागद होता: आजोबा.

ताटं वाढली. खाली समुद्र ओहोटीला लागला होता आणि तो पांढरा तुकडा आणखी रुंद झाला होता. कोणी तिकडे बोट दाखवलं नाही. मी पहिला घास घेतला. खिचडीत मीठ कमी होतं. आजच्या दिवशी हे बोलायचं का, असं मनात आलं. घास गिळला.

"मीठ कमी हाय," मी म्हणालो.

निकेतने आपल्या ताटातला घास उचलला, चावून बघितला. मग मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे बघितलं नाही.