जुना चर

मनोरुग्णालयाच्या जागेचा नकाशा तिनेच काढला होता. मोजणीवाल्याने दिलेले आकडे मांडता मांडता सहा नंबरच्या वॉर्डामागे जमीन वीतभर खचलेली दिसली, व्हरांड्याच्या पायरीपासून टाकीला वळसा घालून थेट मागच्या भिंतीपर्यंत. पाण्याशिवाय जमीन अशी कोण खाणार? तिने निळी तुटक रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'जुना चर'. इंजिनिअर खूश. आयती वाट मिळाली म्हणत त्याने नव्या इमारतींचं पावसाळी गटार त्याच रेघेवर बसवून टाकलं.

आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ऑफिसात सगळ्यांना ते माहीत होतं. आई याच वॉर्डात अठरा वर्षं होती, हे मात्र कुणालाच नाही. ती माहेरी भावाकडे असते, असं बाबांनी नातेवाइकांना सांगून ठेवलेलं. बाबा गेल्यावर तेच उत्तर लेकीच्या तोंडी बसलं.

गटाराच्या आखणीच्या खुंट्या ठोकायच्या आधी साहेब, इंजिनिअर आणि ती जागेवर गेले. पेशंट आठवड्यापूर्वीच दूरच्या गावी हलवले होते. किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक म्हातारी आया तेवढी मागे राहिलेली. लेक इतक्या आत प्रथमच येत होती. भेटीची खोली फाटकाजवळ होती आणि नातेवाइकांना त्यापुढे सोडत नसत.

"वेड्यांच्या जागेत घर घेणार कोण, साहेब?" इंजिनिअर म्हणाला.

"जो भाव ऐकूनही शुद्धीवर राहील तो," साहेब म्हणाले. दोघं हसले. तीही सवयीने हसली.

इंजिनिअरने बुटाने जमीन दाबून पाहिली. "दगडासारखी घट्ट आहे. चराला गाळ कसा नाही?"

"कसला चर?" आया म्हणाली. "अहो, ही तर पोस्टमनबाईची वाट!"

"कोण पोस्टमनबाई?"

"होती एक. पायरीवरून निघायची, भिंतीला हात लावायची, की परत. दिवसभर तेच. बस म्हटलं की म्हणायची, मावशी, पोरीची शाळा सुटली असेल, आणते आणि बसते. चपलांची तर दर दोन महिन्यांनी चाळण. लेक बिचारी नवीन जोड आणून द्यायची, पुरुषी, जाड तळाच्या."

चपला कुणीतरी चोरतं, अशी लेकीची इतकी वर्षं खात्री होती. दोनदा लेखी तक्रारही केली होती तिने. भेटीच्या खोलीत आई बसायची, पण टेबलाखाली तिचे पाय हलतच असायचे. दहा मिनिटांत उठायची. "निघते गं, उशीर होतोय." लेकीला वाटायचं, आपला कंटाळा आला.

"मजेशीर आहे," इंजिनिअर वहीत लिहीत म्हणाला. "बरं, खुंटी इथे?"

आता मूग गिळून बसली असती तरी चाललं असतं. काम झालं असतं, तोंडी बसलेलं उत्तरही टिकलं असतं.

"थांबा," ती म्हणाली. "नकाशा चुकलाय माझा. हा चर नाही. माझी आई चालायची इथे."

आयाने किल्ल्या मुठीत आवळल्या आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "चपलावाली?" लेकीने मान डोलावली.

साहेबांनी घसा साफ केला. "आधी बोलली असतीस तर हे काम दुसऱ्याला दिलं असतं."

"म्हणूनच बोलले नाही."

"गटार हलवायचं म्हणतेस?"

तिने भिंतीकडे पाहिलं. उतार तिकडेच होता. पावसाचं पाणी इथूनच जाणार होतं. गटार कुठेही नेलं तरी दोन वर्षांनी पाणी इथेच तुंबलं असतं, हे इंजिनिअरइतकंच तिलाही कळत होतं.

"नाही. गटार इथेच राहू द्या. नाव तेवढं बदलते."

"बदल. पण बांधकामाच्या प्रतीवर जुनं काहीच येत नाही गं."

"माहीत आहे."

तिने फळीवरचा नकाशा गुडघ्यावर घेतला, 'जुना चर' खोडलं आणि वर लिहिलं, 'पायवाट'. मग खुंट्यांची पिशवी उचलून पायरीपाशी गेली आणि पहिली खुंटी स्वतःच ठोकली. जमीन इतकी घट्ट होती की खुंटी दोनदा तिरपी झाली.