टर्बाइन थांबेपर्यंत

आमच्या वीजघरातलं दुसरं टर्बाइन वाफ तोडल्यावर लगेच थांबत नसे. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवरून पार निश्चल व्हायला त्याला सव्वीस मिनिटं लागत. पाळीचा प्रमुख मीच होतो, तरी ती सव्वीस मिनिटं मी कधी पूर्ण पाहिली नव्हती. झडप बंद झाली, सही झाली, की आम्ही सगळे जेवायला निघायचो. मागे एकटी ऊर्किया आपा राहायची.

कंपनं मोजणं हे तिचं काम. वय सत्तावन्न. तिसऱ्या बेअरिंगशेजारी केबलचं रिकामं लाकडी रीळ आडवं टाकून ती बसे. काठीचं एक टोक बेअरिंगच्या पेटीवर आणि दुसरं कानाला. मोजायची यंत्रं आली तरी काठी तिनं सोडली नव्हती. नवरा मुहित जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वीजघराच्या धुराड्यांसमोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक खोली.

एकदा मी म्हटलं, "आपा, यंत्र बंद झालंय. आता काय ऐकताय? चला, सूप गार होईल."

"तू जा ओराझ. मी घरी जाऊन तरी काय करू? तिथं सगळं आधीच थांबलेलंय."

मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला नंतर जाणवलं.

त्या वर्षी मोठी दुरुस्ती झाली आणि तिसरं बेअरिंग थरथरायला लागलं. अल्माटीहून येर्देन नावाचा तज्ज्ञ आला. तिशीतला, हुशार, बोलका. त्यानं चार दिवस रोटरवर, म्हणजे फिरत्या आसावर, वजनं बसवली, काढली, पुन्हा बसवली. पाचव्या दिवशी यंत्र चालू करून शून्यापासून तीन हजारांपर्यंत नेलं. पडद्यावरची कंपनांची रेघ कशी छान आली! सतराशेऐंशीच्या आसपास एक छोटा उंचवटा, बाकी सपाट. मुख्य अभियंता झोमार्त अगांनी, म्हणजे आमच्या झोमार्तदादांनी, त्याच्या पाठीवर थाप मारली.

ऊर्किया आपा मागून म्हणाली, "चढताना ठीक आहे. उतरताना बघा."

येर्देन वळला. "आपा, ज्या रस्त्यानं वर जातो त्याच रस्त्यानं खाली येतो ना आपण?"

"डोंगर चढताना गुडघे बोलत नाहीत, पोरा. उतरताना बोलतात. विचार तुझ्या आईला."

सगळे हसले. येर्देनही हसला, पण लॅपटॉप मिटूनच. वेग उतरतानाची नोंद कोणी घेतच नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. हातात वही होती. "ओराझ, आज यंत्र थांबेल तेव्हा माझ्याजवळ बस. तुझ्या कानांनी ऐक. मी एकटीनं सांगून कोण मानणार?"

पुतण्याच्या लग्नाची मेजवानी होती. बायको फाटकाबाहेर गाडीत वाट बघत होती. मी म्हटलं, "आपा, पुढच्या वेळी नक्की."

"बरं," एवढंच म्हणून ती वळली. आग्रह नाही, राग नाही. ‘नाही’ ऐकायची सवय झालेलं माणूस जसं वळतं तशी. मी मेजवानीला गेलो, घोड्याचं मांस खाल्लं, नाचलोसुद्धा. आजही ती वळलेली पाठ आठवते.

एप्रिलच्या मध्याला घरं गरम करायचा हंगाम संपला. यंत्र उन्हाळ्यासाठी बंद करायचं होतं आणि त्याच सकाळी दुरुस्तीच्या स्वीकृतीचा कागद सह्यांना आला. चार सह्या झाल्या. पाचवी ऊर्किया आपाची.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

झोमार्त अगांचा चेहरा लाल झाला. "आपा, तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. आता कशाला हे?"

"मग चार महिने तरी मला खरं लिहू द्या."

"अहो, पण आहे काय? डावे-उजवे बोल्ट माझ्यासमोर सारखे आवळलेत. एका मापानं!"

"माप सारखं आहे, झोमार्त. धरून ठेवणं सारखं नाही. डाव्या बाजूच्या काँक्रीटमध्ये तीस वर्षं तेल मुरलंय." तिनं काठी उचलली. "सव्वीस मिनिटं बसा माझ्याबरोबर. एवढंच मागते. त्यानंतर म्हणाल तिथं सही करीन."

सहीसाठी पुन्हा आलेल्या येर्देनची परतीची गाडी दुपारची होती. त्यानं घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप उघडला.

वाफ तोडली. सह्या केलेले आम्ही चौघं तिच्या रिळाभोवती उभे राहिलो. आधी काहीच नाही. अडीच हजार, दोन हजार. झोमार्त अगांनी जांभई दिली. सतराशेऐंशीला रेघ किंचित उचलली आणि खाली यायच्या ऐवजी चढतच गेली. सोळाशे. पायाखालची पोलादी जाळी कुरकुरली. साडेपंधराशे. रेलिंग हाताला मुंग्या आणायला लागलं, शेजारच्या पाटीचा एक स्क्रू निघून खाली पडला. बेअरिंगच्या पेटीचा डावा पाय उचलून आपटताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मग पंधराशेला, कोणीतरी दार बंद करावं तसं, सगळं एकदम शांत.

पडद्यावर चढतानाची आणि उतरतानाची अशा दोन रेघा होत्या, आणि त्या एकमेकींच्या बहिणीही वाटत नव्हत्या.

येर्देन हळूच म्हणाला, "खाली दाबलं की काँक्रीट आडवं येतंय. वर उचललं की धरायला नुसते बोल्ट. एकीकडे कडक, एकीकडे सैल... आपा, हे तुम्ही किती दिवस ऐकताय?"

"जानेवारीपासून."

"एकट्याच?"

तिनं काठी पुसली.

डावा पाया उकरला तेव्हा काँक्रीट ओल्या साखरेसारखं हातात आलं. आणखी एक हिवाळा गेला असता तर काय झालं असतं, यावर झोमार्त अगा माझ्याशी फक्त एकदा बोलले. उन्हाळाभर पाया नव्यानं भरला. येर्देननं कायमचे संवेदक बसवून दिले. आता चढतानाची, उतरतानाची, दोन्ही नोंदी आपोआप होतात. तिथं बसायची कुणाला गरज उरली नाही.

ऑगस्टमध्ये तिला निरोप दिला. मानाचा भरजरी झगा खांद्यावर घातला, भाषणं झाली, सहा जणांचा चहाचा संच दिला. खोका घेताना ती मला म्हणाली, "सहा? एवढे कोण येणार रे?"

"आम्ही येऊ की, आपा!" मी म्हटलं.

जानेवारीत ती बाजारात दिसली. बारीक झाली होती. "ये की एकदा, बायकोला घेऊन," ती म्हणाली. मी हो म्हटलं. मग पाळ्या लागल्या, मुलगी आजारी पडली.

शेवटी मार्चमध्ये, नौरोझच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, बायकोनं बाउर्साक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, बांधून घेतले आणि आम्ही चार मजले चढलो. दार एका तरुण बाईनं उघडलं. कडेवर मूल होतं.

"त्या आजी? त्या फेब्रुवारीतच किझिलोर्दाला गेल्या, भाचीकडे. पत्ता नाही हो माहीत. किल्ली शेजारी ठेवून गेल्या."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पुडा त्या बाईच्या हातात दिला. मुलानं लगेच एक बाउर्साक उचलला.